भूलवाल्या बाई

त्यांचं खरं नाव हॉस्पिटलात फारसं कुणी घेत नसे. केसपेपर काढणाऱ्या कारकुनापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या ‘भूलवाल्या बाई’. पेशंटांना तेवढंही आठवायचं नाही. ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक सर्जनचे हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणायचे आणि त्यांच्या शेजारून बाई ट्रॉली ढकलत निघून जायच्या. एकदा एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारलं, “तुम्ही काय करता?”

“भूल देते.”

“असं होय! म्हणजे डॉक्टर दुसरेच असतात?”

“दुसरेच असतात,” बाई म्हणाल्या. “ते कापतात, शिवतात. मी नेलेला माणूस परत आणते.”

घरी यजमान भूगोल शिकवणारे. ते म्हणायचे, “हिला एकेकाला झोपवायला औषध लागतं. मी पर्जन्यमान काढलं की अख्खा वर्ग आडवा.” बाई हसायच्या, पण आपल्या कामाचा त्यांना आतून ताठ अभिमान होता. एखाद्याचा श्वास तासन्‌तास आपल्या हाती असावा आणि तो जसाच्या तसा त्याला परत करावा, यापेक्षा मोठं काम कुठलं, असं त्यांना मनापासून वाटे. कुणी विचारलं तर सांगतही. कुणी विचारत नसे, एवढंच.

ऑपरेशन थिएटरला लागूनच लहान मुलांच्या दातांची खोली होती. मधे एकच भिंत, तीही पातळ. बाई पेशंटच्या उशाशी बसलेल्या असत आणि भिंतीपलीकडून पोरांचा आक्रोश येई. सुरुवातीला “नको, नको,” मग “बाबा, बाबा,” मग शब्द संपून नुसती किंकाळी. थिएटरातल्या लोकांच्या ते अंगवळणी पडलं होतं. सर्जन हातातलं काम न थांबवता म्हणत, “आज दातवाल्यांकडे गर्दी दिसते.” बाईंच्या मात्र ते काही केल्या अंगवळणी पडेना.

एका सकाळी दोन ऑपरेशनांच्या मधे चहाची सुट्टी होती. पलीकडून आवाज आला, आणि बाई कपावर बशी झाकून उठल्या. थेट शेजारच्या खोलीत गेल्या.

खुर्चीत सातेक वर्षांची मुलगी होती. गळ्यापासून पायांपर्यंत चादरीत घट्ट गुंडाळलेली. नर्सने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. पाय धरायला बापाला लावलं होतं. बाप गॅरेजमधला मेकॅनिक, नखांत ग्रीस, मनगटं लाकडासारखी. तो पाय धरून उभा होता आणि स्वतःच हुंदके देत होता. मुलीने दातवाल्या सरांच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता आणि सर बोट नळाखाली धरून उभे होते.

दातवाले सर काही दुष्ट नव्हते. हात हलका, स्वभाव तापट, पोटात माया. पण त्यांच्या गुरूंनी असंच केलं होतं, आणि गुरूंच्या गुरूंनीही.

“सर, जरा थांबाल?” बाई म्हणाल्या.

“थांबून काय होणार? सहा दात किडलेत. एकाच्या मुळाशी पू आहे. गाल बघा केवढा सुजलाय. आज नाही काढला तर ताप चढेल.”

“आज औषधाने सूज उतरवू या. उद्या-परवा काढू. पण ही चादर सोडा.”

सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन फोडणीत हात घातला होता. पण बोट ठणकत होतं आणि बापाचं रडणं त्यांनाही बघवत नव्हतं. त्यांनी मान हलवली. बाईंनी स्वतः चादरीची टोकं सोडली.

मुलगी खुर्चीतून उतरली ती थेट कपाटाच्या फटीत जाऊन बसली. बाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

“तुझं नाव काय?”

मुलीने गुडघ्यांत तोंड खुपसलं.

“भिंगरी म्हणतो तिला आम्ही,” बाप म्हणाला. “एका जागी ठरत नाही म्हणून.”

“भिंगरी, आज तुझ्या तोंडात कुणी काही घालणार नाही.”

“खोटं,” फटीतून आवाज आला. “मघाशी ते पण असंच म्हणाले.”

दातवाले सर नळ बंद करून उगाच हात पुसत राहिले.

त्या दिवशी दुपारी बाई त्यांच्या खोलीत गेल्या. म्हणाल्या, “आपल्याकडे थिएटरात लाफिंग गॅस आहे, मॉनिटर आहे, मी आहे. मुलांना असं दाबून का धरायचं?”

“अहो, दोन मिनिटांचं रडणं असतं. पोरं विसरून जातात.”

“ती विसरत नाहीत सर, ती परत येत नाहीत. येतात ती गाल सुजल्यावर.”

हे मात्र सरांना लागलं, कारण खरं होतं. त्यांची निम्मी पोरं दुसऱ्या फेरीला उगवतच नसत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बरं. गॅसचं यंत्र माझ्या खोलीत ठेवा. मीच देतो आणि मीच दात करतो. तुम्हाला कशाला त्रास?”

“ते जमायचं नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचं लक्ष दातात असणार, आणि असायलाच हवं. श्वासाकडे बघायला वेगळं माणूस पाहिजे. ते माणूस मी.”

बाईंच्या सुट्टीची सकाळ दातांच्या खोलीला द्यायची, असं ठरलं. अधीक्षकांनी परवानगी दिली, पण वर सांगून ठेवलं, “काही कमी-जास्त झालं तर नाव तुमचं.” बाई म्हणाल्या, “नाव माझंच असू द्या. चांगलं झालं तरी माझंच ठेवा म्हणजे झालं.”

सूज उतरल्यावर भिंगरी आली. आली म्हणजे बापाच्या मानेला लोंबकळत आली. बाईंनी आधी बापाला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. सगळ्यांत साधी गोष्ट गॅस. नाकावर छोटा मास्क बसतो, मूल जागं राहतं, बोलतं, फक्त अंग हलकं होतं आणि भीतीची धार जाते. हिरडीत इंजेक्शन तरीही द्यावं लागतं, पण त्याचं फारसं वाटत नाही. मास्क काढून थोडा वेळ ऑक्सिजन दिला की मूल पहिल्यासारखं. तेवढ्याने भागलं नाही तर गुंगीचं औषध पाजता येतं. त्याने पेंग येते, झालेलं नीट आठवत नाही, पण उतरायला वेळ लागतो आणि पोट रिकामं लागतं. तेही जमलं नाही तर थिएटरात पूर्ण भूल, आणि सगळे दात एकाच वेळी.

“मग एकदम तेच करा ना,” बाप म्हणाला.

“जेवढ्याने भागतं तेवढंच द्यायचं. नट हाताने फिरत असेल तर तुम्ही मोठा पाना घेता का?”

बापाला पटलं. भिंगरीला पटलं नाही. रबराचा वास आल्याबरोबर तिने मास्क भिरकावला तो सरांच्या चष्म्यावर. बाईंनी समजावलं, स्वतःच्या नाकाला लावून दाखवला, बापाच्या नाकाला लावला. भिंगरीने दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं, ते काढलंच नाही. आणि जो नाकाने श्वासच घेत नाही त्याला गॅस कसा द्यायचा?

पुढच्या खेपेला गुंगीचं औषध दिलं. कडूपणा झाकायला सरबतातून. बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं की शंभरात काही मुलं याने झोपण्याऐवजी उलट बिथरतात. भिंगरी नेमकी त्यांतली निघाली. पाव तासात ती खदाखदा हसायला लागली, मग रडायला, मग बापाच्या छातीवर दणादण गुद्दे. दातवाले सर दाराला टेकून उभे होते.

“बघा,” ते म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर खाली मान घालून निघून गेलं असतं. बाईंनी भिंगरीला मांडीवर घेतलं, बोटाला मॉनिटरचा चिमटा लावला आणि औषध पूर्ण उतरेपर्यंत तिला थोपटत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “बघितलं सर. एवढं कळलं की हे औषध हिच्यासाठी नाही. आता थिएटर.”

थिएटर म्हटल्यावर बापाचा चेहरा पडला. आधी ‘एकदम तेच करा’ म्हणणारा तोच, पण दातांसाठी खरोखरच पूर्ण भूल, हे आता त्याला झेपेना. त्याची बायको परगावी कामाला, महिन्यातून एखाद-दोनदा यायची. तिला फोनवर काय सांगायचं? तो बाहेरच्या बाकावर बाईंना गाठून म्हणाला, “बाई, खरं सांगा. हिला काही होणार नाही ना? लिहून द्या मला.”

“तुमच्याकडे गाडी दुरुस्तीला येते. ब्रेक कधीच फेल होणार नाहीत असं तुम्ही लिहून देता?”

“नाही. पण मी चारदा तपासतो. स्वतः चालवून बघतो, मगच देतो.”

“मीही तसंच करते. तिचं हृदय, छाती, रक्त सगळं तपासलंय. धोका अजिबात नाही असं म्हटलं तर मी खोटारडी. फार थोडा आहे, आणि तो थोडाच राहावा म्हणूनच मी आहे. ती झोपल्यापासून उठेपर्यंत मी तिच्या उशाशी असेन. दुसरं काही करणार नाही. दातसुद्धा बघणार नाही.”

बापाने बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, “करा.”

ठरलेल्या सकाळी सगळं सज्ज होतं. थिएटर मोकळं करून घेतलेलं, दातवाले सर हिरव्या कपड्यांत, नर्स हजर. बाप आला, भिंगरी आली, आणि या वेळी भिंगरीची आजीही आली. नातीचा हात सोडायला तयार नाही अशी. सकाळपासून पाण्याखेरीज काही दिलं नाही ना, असं नर्सने विचारलं. “काही नाही,” आजी म्हणाली. बापानेही तेच सांगितलं, कारण त्याला तेवढंच माहीत होतं.

बाईंची एक सवय होती. मोठ्यांना विचारून झालं तरी त्या मुलाला वेगळं विचारायच्या. त्या भिंगरीशेजारी वाकल्या. म्हणाल्या, “मला तर आज घाईत चहासुद्धा मिळाला नाही. तुझी मजा झाली असेल.”

भिंगरीने आजीकडे पाहिलं, मग बाईंच्या कानाशी तोंड नेलं. “मला दूध-बिस्किट मिळालं. पण सांगायचं नाही.”

बाई सरळ उभ्या राहिल्या. “हिचं दूध-बिस्किट झालंय. आज भूल नाही.”

मग जो गलका झाला! दातवाले सर म्हणाले, एका बिस्किटाने काय होतंय. नर्स म्हणाली, थिएटर पुन्हा कधी मिळेल देव जाणे. बाप काम बुडवून आला होता, तो आधी आपल्या आईवर ओरडला, मग बाईंवर. “तुम्हीच म्हणालात, फार थोडा धोका आहे!”

“थोडा आहे तो यामुळेच,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, जागच्या हलल्याही नाहीत. “पोटात अन्न असताना भूल दिली आणि ते उलटून वर आलं, तर झोपलेल्या माणसाला खोकताही येत नाही. ते फुप्फुसात जातं. मग दात राहतात बाजूला. मी देणार नाही.”

“अधीक्षकांना बोलावू का?” सर तापले.

“बोलवा. त्यांनाही हेच सांगते.”

कुणी कुणाला बोलावलं नाही. आजी मात्र भिंतीशी उभी राहून पदराने डोळे टिपत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. तिला रागावतील असं सगळ्यांना वाटलं.

“आजी, उपाशी पोर बघवलं नाही ना?”

“रात्रीपासून काही नव्हतं हो तिच्या पोटात. मला कुणी असं समजावूनच सांगितलं नाही. नुसतं ‘देऊ नका’ म्हणाले.”

“तुमचं बरोबर आहे. हे आम्ही नीट सांगायला हवं होतं. आता तुम्हाला कळलंय. पुढच्या वेळी राखण तुमची. हिला खायला कुणी द्यायला आलं तर तुम्ही अडवायचं.”

पुढच्या आठवड्यात आजीने जी राखण केली, तिला तोड नव्हती. सकाळी बापाने नुसता डबा उघडला तर म्हातारी त्याच्या अंगावर धावून गेली. सगळे उपाशीच आले, आजीसकट.

या वेळी बाईंनी बापालाही टोपी-गाऊन घालून आत घेतलं. भिंगरी त्याच्या मांडीवरच बसली. रबराचा वास जावा म्हणून बाईंनी मास्कला आतून संत्र्याचा वास लावून ठेवला होता. भिंगरीने हुंगला, नाक मुरडलं, पुन्हा हुंगला. “बाबा, तुझ्या गॅरेजपेक्षा बरा आहे,” म्हणाली आणि वाक्य पुरं होतं न होतं तोच तिची मान बापाच्या दंडावर कलली. बापाने तिला टेबलावर ठेवलं. पायांना हात लावताना तो क्षणभर थांबला. या वेळी ते धरायचे नव्हते. नुसती चादर नीट केली आणि बाहेर गेला.

बाईंनी श्वासाची नळी बसवली, आणि मग म्हणाल्या होत्या तशा उशाशी बसून राहिल्या. दातवाल्या सरांनी दोन दात काढले, बाकीचे साफ करून भरले, त्यांतल्या दोन दातांवर टोप्या बसवल्या. मुलाचं तोंड असं शांत, उघडं, पुरेसा उजेड, आणि घाई नाही. मधेच ते मास्कच्या आतून पुटपुटले, “इतक्या वर्षांत असं काम करायला मिळालं नव्हतं मला.”

“माझ्याकडे बघू नका, दाताकडे बघा,” बाई म्हणाल्या.

भिंगरी उठली तेव्हा आजीच्या मांडीवर डोकं होतं. जिभेने तोंड चाचपून पाहिलं. “कधी करणार?” तिने विचारलं. झालंसुद्धा, हे तिला पटवायला आरसा आणावा लागला. घरी जाताना बाईंनी तिला एक नवा मास्क दिला, नुसता मास्क, नळीबिळी काही नाही. “बाहुलीला लाव,” म्हणाल्या. तिने बाहुलीला लावला, आजीला लावला, शेजारच्या मांजरालाही लावायला गेली. सहा महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा आणखी एक दात किडला होता. या खेपेला तिने स्वतःच विचारलं, “तो संत्र्याचा आहे का?” आणि मास्क नाकावर घेऊन, खुर्चीत जागी राहून, गॅसवर दात भरून घेतला. सर काम करत होते आणि ती मधेमधे बोट वर करून सांगत होती की तिचे पाय कापसाचे झालेत.

दुसऱ्या दिवशी बाई पलीकडे गेल्या तर दातवाले सर हातात कात्री घेऊन बसलेले. ती गुंडाळायची चादर कापून त्यांनी तिची फडकी केली होती. “खिडक्या पुसायला होतील,” एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांतलं एक उचलून घडी घालून ठेवलं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना त्या दोन स्टॉप आधीच उतरल्या आणि उरलेला रस्ता चालत गेल्या. आनंद फार झाला की त्यांना चालावं लागायचं.

आठवड्यातल्या एका सकाळच्या दोन झाल्या, दोनाच्या रोजच्या. दोन तरुण भूलतज्ज्ञ हाताखाली तयार झाले. दुसऱ्या गावांतली हॉस्पिटलं माणसं पाठवू लागली, कसं करता ते बघायला. बाई त्यांना यंत्र शेवटी दाखवत. आधी बाहेरच्या बाकावर नेऊन बसवत आणि सांगत, “आईबापांशी बोलताना नीट ऐका. कुठल्या मुलाचं गॅसवर भागेल, कुणाचं नुसत्या गप्पांवर भागेल आणि कुणाला थिएटर लागेल, ते इथे कळतं.” अधीक्षक बदलले. नव्या अधीक्षकांनी दातांच्या खोलीच्या दाराशी पाटी लावली आणि तिच्यावर बाईंचं पूर्ण नाव घातलं. ते वाचून केसपेपरवाला कारकून म्हणाला, “अरेच्चा, हे कोण?”

भिंगरी दर वर्षी येत राहिली. उंच झाली, धावण्याच्या शर्यतींत उतरू लागली, बापाच्या खांद्याला लागली. दहावीच्या वर्षी एक जुनी भरलेली दाढ पुन्हा ठणकली. बाईंनी नेहमीसारखं यंत्र तपासलं, मास्क काढून ठेवला. भिंगरी खुर्चीत बसली आणि मास्क हाताने बाजूला सारून म्हणाली, “बाई, आज नुसतं इंजेक्शन घेऊन बघू? जमेल असं वाटतंय.”

“नाही जमलं तर?”

“तर तुम्ही आहातच.”

दातवाल्या सरांचे केस एव्हाना पांढरेफटक झाले होते. त्यांनी सुई दिली. भिंगरीचे डोळे मिटले, कपाळावर आठी आली, गेली. ड्रिल सुरू झालं. तिचे हात खुर्चीच्या हातांवर सैल पडले होते. एकदा तिने हात वर केला, सर लगेच थांबले. तिला फक्त थुंकायचं होतं.

“बाई, तुम्ही चहा घेऊन या,” सर म्हणाले. “इथे काही काम नाही तुमचं.”

बाई गेल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, आणि संथ वरखाली होणारी तिची छाती बघत राहिल्या. बघायची गरज नव्हती, मॉनिटरही लावला नव्हता. पण इतकं सुंदर काही बघायला मिळत असताना उठून कोण जाईल?

काम झाल्यावर भिंगरी अर्धा गाल बधिर घेऊन, वाकडं हसत बाहेर गेली. मेकॅनिक बाकावरून उठला. मुलीकडे बघितलं, मग बाईंकडे. “कसं झालं? किती दिलीत भूल?”

“काही दिली नाही,” बाई म्हणाल्या. आणि मग, सबंध कॉरिडॉरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “मी नुसती बसले होते! सगळं तिने केलं!”